त्रेसष्ट की छत्तीस?

आपल्या नियतकालिकाचा नवा अंक हाती पडला की मी प्रथम मराठी विभाग वाचतो आणि मग कानडी विभागाची पाने चाळतो. कानडी मला बोलता येते. आमच्या गल्लीत ती न बोलणारा मुलगा सापडायचा नाही. वाचताना मात्र मी अजून अडखळतो. एका बांधणीत शिवलेल्या या दोन विभागांत पानांचे आकडे तेवढे सलग असतात, म्हणून आकडे दोन्ही भाषांना सारखेच असणार असे मी समजत होतो. ही समजूत किती भाबडी होती ते मला २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कळले. त्या समजुतीची किंमत पंपाच्या अकरा बॉडींनी दिली आणि एका सज्जन माणसाच्या नावावर काही दिवस एक काळा शेरा राहिला. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख.

बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या आम्हा मुलांना सुट्टीत कुठे तरी प्रत्यक्ष काम पाहावे अशी हौस असते. ओळखीने मला उद्यमबागेतील एका कारखान्यात सहा आठवडे उमेदवारी मिळाली. रोज सकाळी सायकल हाणत तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे जायचे, संध्याकाळी कपड्यांना बीडाची काळी भुकटी लावून परत यायचे. आमचे बेळगाव फौंड्रींचे गाव. ओतलेले बीड इथून कुठे कुठे जाते, त्याचा पत्ता आपल्याला नसतो. या कारखान्यात बाहेरून ओतून आलेल्या पंपाच्या बॉडी मशीनवर चढवून त्यांना भोके पाडण्याचे, तोंडे साफ करण्याचे काम चाले.

मशीनवर एक कानडी गृहस्थ होते. वय पंचावन्नच्या आसपास. सारे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मला ‘तम्मा’ म्हणत. माझ्याशी ते आपल्या बेळगावी मराठीत बोलत, आणि त्या मराठीला कानडीचा असा काही गोड हेल होता की ऐकतच राहावे. पहिल्याच दिवशी सुपरवायझर साहेबांनी मला पॅलेटची यादी वाचायला सांगितली आणि अण्णांना वहीत उतरवायला सांगितली. मी म्हणालो, “त्रेसष्ट.” अण्णांनी ३६ लिहिले.

मी हसलो. नुसता हसलो नाही, चहाच्या वेळी ती गंमत चार जणांना सांगितलीही. अण्णाही हसले, पण थोडे ओशाळून. पुढे मी कुठलाही आकडा सांगितला की ते तो कानडीत परत म्हणत. मी “पंचेचाळीस” म्हणावे, त्यांनी “नलवत्तैदु, हौदु?” असे विचारावे, मी मान हलवावी, आणि मगच त्यांचे पेन्सिलीचे टोक कागदाला लागावे. मला त्याचा मनातून कंटाळा येई. त्यांची चूक कुठे होती ते माझ्या ध्यानात फार उशिरा आले. ‘त्रेसष्ट’ या शब्दात तीन आधी येतो आणि साठ नंतर. कानडीत ‘अरवत्तमूरु’ म्हणताना साठ आधी, तीन नंतर. अण्णा कानाला जसे ऐकू आले तसे, त्याच क्रमाने लिहून मोकळे झाले होते. उलटी बोलणारी भाषा माझी होती!

आता त्या कारखान्यात नवे काय चालले होते ते सांगतो. तोवर प्रत्येक पॅलेटवर खडूने नंबर लिहीत. त्यावरून अण्णा मशीनचा प्रोग्रॅम निवडत. खडू पुसला जाई, तेलाचा हात लागे, कधी घाईत भलताच नंबर पडे. म्हणून मालकांनी आर.एफ.आय.डी. बसवायचे ठरवले. हे नाव अवघड वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर मोटारीच्या काचेवरची पट्टी दुरूनच वाचली जाते आणि पैसे वळते होतात, ती याच कुळातील. फरक एवढाच की तिथे लहरी फार वरच्या कंपनसंख्येच्या असतात आणि पट्टी काही मीटरवरून वाचता येते, तर आमच्याकडची जात सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार कंपनांची, आणि टॅग वाचकासमोर काही सेंटिमीटरांवर यावा लागे.

टॅग म्हणजे रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी एक काळी चकती. तिच्या पोटात तारेचे वेटोळे आणि तांदळाच्या दाण्याहून लहान चिप. बॅटरी नाही. मग ती बोलते कशी? रीडर आपल्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र सोडतो. ते चकतीतील वेटोळ्याला छेदून जाते आणि तेवढ्या उधारीच्या विजेवर चिप जागी होते. उत्तर देण्यासाठी ती स्वतः लहर सोडत नाही. आपल्या वेटोळ्यावरचा भार ती ठरावीक तालात कमी-जास्त करते. त्यामुळे रीडरच्या वेटोळ्यातील दाब किंचित हलतो, आणि ते हलणे म्हणजेच उत्तर. परावर्तित शक्तीने संदेश पाठवता येईल हा विचार हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली एका निबंधात मांडला होता. बोलणाऱ्याजवळ स्वतःचा आवाज नसावा आणि तरी त्याने बोलावे, ही कल्पना मला फार आवडली. मात्र चकती थेट लोखंडावर चिकटवून चालत नाही, लोखंड क्षेत्र गिळून टाकते. म्हणून पॅलेट आणि टॅग यांच्यामध्ये अंतर ठेवणारी बैठक द्यावी लागली.

प्रत्येक चकतीला कारखान्यातूनच ६४ बिटांचा जन्मनंबर मिळतो. तो बदलता येत नाही. त्याखेरीज आपल्याला लिहिता येईल अशी थोडी जागा असते. तिथे आम्ही दोन घरे धरली होती. पहिल्या घरात गिऱ्हाइकाचा क्रमांक, दुसऱ्यात बॉडीचा प्रकार. पहिल्या गिऱ्हाइकाची दुसऱ्या प्रकारची बॉडी म्हणजे १-२. दुसऱ्या गिऱ्हाइकाची पहिल्या प्रकारची, ती २-१. या दोन बॉडी दिसायला सख्ख्या बहिणी. एकाच फिक्स्चरमध्ये बसत. फरक भोकांचा: एकीच्या तोंडावर सहा, दुसरीच्या चार.

रीडरने टॅग वाचला म्हणजे काम झाले असे नाही. वाचलेले मशीन हाकणाऱ्या पी.एल.सी.पर्यंत पोचले पाहिजे. पी.एल.सी. म्हणजे कारखान्यातील यंत्रांचा नियंत्रक, कपाटात बसलेला एक मितभाषी कारकून. १९६९ च्या सुमारास मोडिकॉन ०८४ या नावाने तो अमेरिकेत प्रथम कामाला लागला, त्याआधी रिलेंच्या भिंती असत. त्याचे आयुष्य म्हणजे एक न संपणारी फेरी. आत येणाऱ्या खुणा पाहायच्या, लिहून दिलेला कार्यक्रम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत करायचा, बाहेर हुकूम द्यायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीला काही मिलिसेकंद लागतात.

आमचा रीडर त्याला दोन तारांनी जोडला होता. या तारांत निरोप दोन्ही तारांच्या दाबातील फरकावर चालतो. शेजारच्या मोटारींचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. म्हणून या पद्धतीची तार हजार-बाराशे मीटरपर्यंत नेता येते. तारेवर बोलायची भाषा होती मॉडबस, १९७९ साली निघालेली आणि अजून राबणारी. आता इथरनेटच्या तारेवर चालणाऱ्या वेगवान भाषाही आहेत, पण लहान कारखान्याला हीच परवडते. या भाषेत शिस्त अशी की रीडरने आपण होऊन तोंड उघडायचे नाही. पी.एल.सी.ने नाव घेऊन विचारायचे, “पाच नंबर, अमक्या खणापासून दोन खण दाखव.” मग पाच नंबरने उत्तर द्यायचे. प्रश्नाच्या आणि उत्तराच्या शेवटी सोळा बिटांचा एक पडताळा जोडलेला असतो. वाटेत एखादा बिट जरी बदलला तरी पडताळा जुळत नाही आणि तो निरोप फेकून दिला जातो.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. पॅलेट निघून गेले तरी रीडरच्या खणात जुना नंबर पडून राहू शकतो. पी.एल.सी.ने तोच पुन्हा उचलला तर नव्या पॅलेटला मागच्याचे नाव मिळायचे! म्हणून दोघांत देवाणघेवाणीची रीत ठरवतात. पॅलेट जागी आल्याची खूण मिळाली की पी.एल.सी. ‘वाच’ असा बिट वर करतो. रीडर वाचून ‘झाले’ असा बिट वर करतो. पी.एल.सी. आकडा उतरवून घेतो आणि ‘वाच’ खाली करतो. ते पाहून रीडर ‘झाले’ खाली करतो. चौघी पायऱ्या झाल्याशिवाय पुढचे पॅलेट नाही. ही रीत आम्हाला हुबळीहून आलेल्या जोडणी करणाऱ्या इंजिनिअरांनी बजावून शिकवली. त्यांनी तारा ओढल्या, कार्यक्रम लिहिला, आणि रीडरच्या खणांतील आकडे पी.एल.सी.च्या कोणत्या खणात घ्यायचे ते मांडण्याचे सोपे काम माझ्यावर सोपवले. मला आकाश ठेंगणे झाले.

मी मांडणी केली. तपासण्यासाठी दोन चकत्या घेतल्या, १-१ आणि २-२. रीडरसमोर धरल्या. पडद्यावर १-१ आले, २-२ आले. वीस वेळा धरल्या, वीस वेळा बरोबर. मी कागदावर ‘तपासले’ असे लिहून खाली ऐटीत सही केली. पहिले दोन दिवस १-१ च्याच बॉडी चालल्या. सारे सुरळीत.

तिसऱ्या दिवशी अण्णांची दुसरी पाळी होती. रात्री नऊच्या सुमारास मी घरी जेवत असताना त्यांचा फोन आला.

“तम्मा, पडद्यावर दोन-एक आलंय बघ. पॅलेटवर खडूनं एक-दोन लिवलंय की.”

माझ्या डोळ्यांपुढे वहीतले ३६ उभे राहिले. मी म्हणालो, “अण्णा, खडूचे बघू नका. खडूने चुका होतात म्हणून तर हे बसवले. टॅग म्हणतो तेच खरे.”

ते क्षणभर थांबले. “येरडु-वंदु. हौदु?” त्यांनी परत विचारले.

“होय हो अण्णा, होय,” मी म्हणालो आणि आमटीभाताकडे वळलो.

सकाळी गेलो तर मशीनशेजारी अकरा बॉडी ओळीने मांडल्या होत्या. सहाच्या जागी चार भोके, आणि तीही भलत्या ठिकाणी. बीडाला पडलेले भोक बुजत नाही. त्या अकराही पुन्हा भट्टीतच जायच्या होत्या. ऑफिसात अण्णा उभे होते. पाळी त्यांची, मशीन त्यांचे, पॅलेटवर खडूचा नंबर स्पष्ट असताना त्यांनी पाहिला नाही, असा मेमो टाइप होत होता. मला वाटले, आता ते माझ्याकडे बोट दाखवतील. अण्णांनी तसे काही केले नाही. “ध्यान नव्हतं साहेब,” एवढेच ते म्हणाले आणि सही करून बाहेर आले.

मी मध्ये बोललो नाही. हे लिहिताना आजही मान खाली जाते. मनाशी मी म्हणत होतो, चकतीवर लिहितानाच कोणी चूक केली असेल, आधी पाहू तरी. दुपारी हातातल्या यंत्राने ती चकती वाचली. तिच्यावर १-२ असेच होते. म्हणजे टॅग खरा, खडू खरा, अण्णाही खरे. तारेवरचा पडताळा जुळत होता, ‘वाच’ आणि ‘झाले’ यांची रीत चुकली नव्हती. मग उलटापालट झाली कुठे?

ते मला रात्री सापडले. रीडरचे माहितीपुस्तक मी चाळले होते, वाचले नव्हते. मॉडबसचा एक खण सोळा बिटांचा असतो. त्यात आठ-आठ बिटांची दोन घरे बसतात, एक वरचे, एक खालचे. टॅगवरचे पहिले घर खणाच्या वरच्या अर्ध्यात ठेवायचे की खालच्या, हे रीडरमध्ये निवडता येत होते. कारखान्यातून येताना ते खालच्या अर्ध्यावर ठेवलेले होते. पी.एल.सी.तील माझी मांडणी मात्र वरचे घर पहिले धरत होती. एक-दोन हा आकडा खणात २५८ व्हायला हवा होता, तो झाला ५१३, म्हणजेच दोन-एक. आणि माझ्या परीक्षेच्या चकत्या? १-१ आणि २-२! त्या उलट्या केल्या तरी तशाच राहतात. वीस काय, वीस हजार वेळा तपासून मला चूक दिसली नसती.

या भांडणाला संगणकवाल्यांनी एक गमतीदार नाव दिले आहे. गलिव्हरच्या प्रवासात अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून दोन पक्षांचे युद्ध जुंपते ना? तेच. १९८० साली डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने आपल्या एका टिपणात मोठे टोक आधी पाठवणारे आणि लहान टोक आधी पाठवणारे असे दोन पंथ सांगितले, आणि ती नावे कायमची चिकटली. कोणता पंथ बरोबर? दोन्ही. दोघांनी आधी ठरवून घेतले नाही, एवढीच चूक. मी पुस्तक मिटले तेव्हा मला वहीतले ३६ पुन्हा आठवले. रीडर लहान घर आधी सांगणारा मराठी निघाला होता आणि पी.एल.सी. मोठे आधी समजणारा कानडी. अण्णांना हसलो होतो तीच चूक मी तारेत पेरून ठेवली होती आणि खाली सहीही केली होती. शिवाय पडताळ्याने मला एक धडा दिला. निरोप वाटेत बिघडला नाही, एवढेच पडताळा सांगतो. ऐकणाऱ्याला तो सांगणाऱ्याच्या अर्थाने कळला का, हे तो सांगू शकत नाही.

एवढे कळूनही मी दुसरा दिवस गप्पच राहिलो. सकाळी लवकर जाऊन निवड बदलली, या वेळी १-२ ची चकती धरून पाहिली, बरोबर आली. चूक दुरुस्त झाली, आता कोणाला कळणार, असे एक मन म्हणत होते. प्रमाणपत्र मिळायला दोन आठवडे उरले होते. दुपारी अण्णा नेहमीसारखे आपल्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “तिनु तम्मा, वाळलास की.” तो घास गिळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुपरवायझर साहेबांच्या टेबलापाशी गेलो. माहितीपुस्तकाचे ते पान उघडून दाखवले. फोनची हकीकत सांगितली. ते बराच वेळ पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तो फोनचं काही बोलला नाही मला.” हुबळीचे इंजिनिअर आले तेव्हा त्यांनी मला सर्वांसमक्ष झाडले, आणि ते योग्यच होते. माझे पी.एल.सी.च्या कपाटाला हात लावणे बंद झाले. अण्णांचा मेमो फाइलमधून काढून त्यांच्या हातात परत दिला गेला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

संध्याकाळी सायकलच्या स्टँडपाशी मी त्यांना गाठले. “अण्णा, त्या दिवशी तुम्ही माझे नाव का सांगितले नाही?”

ते म्हणाले, “माझी नोकरी पक्की हाय. तुझी अजून लागलीच नाही की रे. तुझ्या नावावर डाग कशाला?” मग थोडे थांबून म्हणाले, “पण मी दोनदा इचारलं होतं, हौदु?”

“हौदु,” मी म्हणालो.

उरलेल्या दिवसांत एक बदल झाला, आणि तो माझ्याच सूचनेवरून झाला याचा मला आनंद आहे. पी.एल.सी.ने टॅगवरचा नंबर घेतला की तो पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवायचा, कामगाराने पॅलेटकडे पाहून ‘बरोबर’ हे बटण दाबायचे, मगच मशीन सुरू व्हायचे. खडूही बंद केला नाही. अण्णा पहिल्या दिवसापासून जे करीत होते तेच आता यंत्राला करायला लावले: ऐकलेले परत म्हणून दाखवायचे आणि समोरच्याने मान हलवल्यावरच लिहायचे. मला त्याचाच कंटाळा येत होता!

आपण दोन भाषांच्या गावात राहतो. पाटीवर कोणती अक्षरे आधी, यावरून इथे कधी कधी डोकी तापतात. मला त्यातले राजकारण कळत नाही. पण आता कोणी मला आकडा सांगितला की मी तो दुसऱ्या भाषेत परत म्हणतो. भाजीवाली हसते, दुकानदार हसतो. हसू देत.

आपल्या देवनागरीत ३६ लिहिले की तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणून न जमणाऱ्या दोघांत छत्तीसचा आकडा आहे असे आपण म्हणतो. ६३ लिहिले तर तेच दोघे समोरासमोर येतात. परवा दिवाळीला अण्णांकडे फराळाला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या नातवाच्या पाटीवर हे दोन्ही आकडे काढून दाखवले. अण्णा म्हणाले, “अरवत्तमूरु.” मी म्हणालो, “त्रेसष्ट.” आणि या खेपेला आम्ही दोघेही एकदमच हसलो.